हाक न मारता

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाव्हणेरावळे पांगले, मंडपवाल्यानं खुर्च्या गाडीत रचायला घेतल्या, तेव्हा कुठं मला दादाच्या कुत्र्याची आठवण झाली. परतीच्या पावसात शेतावर वीज पडून दादा गेला, त्या वेळी ते कुत्रं तिथंच होतं, एवढं कानावर आलं होतं. त्याच्या खोलात मी शिरलो नव्हतो. पुतणीला विचारलं तर ती म्हणाली, "गोठ्यात आहे काका. त्या दिवसापासून बाहेर आलंच नाही."

कडब्याच्या पेंढ्या आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ते घुसून बसलं होतं. तांबूस रंगाचं, एका कानाचं टोक झडलेलं गावठी कुत्रं. दादाच्या मोटारसायकलमागं शेतापर्यंत पळणारं, आम्ही गावाकडं गेलो की भुंकून भुंकून सारी गल्ली गोळा करणारं. आता ते मान वर करायला तयार नव्हतं. बाहेर कुणीतरी घासायचं पातेलं दगडावर टाकलं. त्या आवाजासरशी त्याच्या अंगाखालून ओल पसरत गेली.

वहिनी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती.

"घिऊन जा भाऊजी त्याला," ती म्हणाली. "न्हाईतर कुठं बी सोडून या. मला ते डोळ्यासमोर नको."

याच वहिनीनं त्याला रोज भाकरी घातली होती. तिचं असं बोलणं मला लागलं, पण वाटलं, दादाची आठवण येते म्हणून म्हणत असेल. गेलेल्या माणसाच्या चपलासुद्धा दारात बघवत नाहीत. मी जास्त विचारलं नाही.

गोणपाट घेऊन मी त्या फटीत वाकलो. कुत्रं चावेल म्हणून हाताला उपरणं गुंडाळून घेतलं होतं. ते चावलं नाही. गुरगुरलंही नाही. पोत्यात ज्वारी भरावी तसं त्यानं स्वतःला भरू दिलं. ते चावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे मात्र खरं.

आमचं गाव जांब समर्थच्या अलीकडं. मी नोकरीला लागल्यापासून परतूरला असतो. शाळेतून निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते, मुलगा पुण्याला, घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. बायको कुत्र्यांना फार भिते. लहानपणी तिच्या पोटरीला एक कुत्रं चावलं होतं, त्याचा वण अजून आहे. पिकअपमध्ये ती ड्रायव्हरच्या शेजारी बसली, मी मागं पोतं मांडीशी धरून बसलो. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "आणलं ते आणलं. पर माझ्या सैपाकघरात न्हाई येणार ते."

सैपाकघरात यायचा प्रश्नच नव्हता. पोत्याचं तोंड उघडल्याबरोबर ते पोट जमिनीला घासत गच्चीच्या जिन्याखाली गेलं. तिथं आमचा जुना कूलर ठेवलेला होता. कूलर आणि भिंत यांच्या मध्ये जेमतेम मांजर मावेल एवढी जागा होती. तिथं ते शिरलं, आणि मग तीच त्याची जागा झाली.

सुरुवातीला मला हे काम सोपं वाटलं होतं. आयुष्यभर पहिलीची पोरं सांभाळलेली. शाळेच्या पहिल्या दिवशी आईच्या पदराला लोंबकळून किंचाळणारी पोरं दिवाळीपर्यंत माझ्या खुर्चीच्या हातावर बसायला लागायची. कुत्र्याचंही तसंच होईल, असा माझा हिशेब होता. दुधात भाकरी कुस्करून मी कूलरपाशी ठेवायचो आणि लांब जाऊन बसायचो. मी दिसत असेपर्यंत ते खायचं नाही. आत जाऊन दार लोटलं की मग वाटीचा आवाज यायचा.

त्याला कशाची भीती वाटते हे आम्हाला रोज नव्यानं कळत गेलं. कुकरची शिट्टी. स्टीलच्या डब्याचं झाकण. माझा फोन. बायकोनं कुकर लावणं सोडलं आणि भात पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. मला काही बोलली नाही, नुसतं केलं. पण सगळ्यात वाईट होता तो उजेड. रस्त्यापलीकडं ग्रिल-गेट बनवणाऱ्याचं दुकान आहे. दिवस मावळताना त्याचं वेल्डिंग सुरू झालं की निळसर पांढरा झोत आमच्या जिन्याच्या भिंतीवर लखलखायचा. पहिल्यांदा ते झालं तेव्हा कुत्र्यानं कूलरच्या पत्र्याला इतक्या जोरात धडका दिल्या की कूलर सरकून पुढं आला. आवाज नव्हता, नुसता उजेड होता. तेव्हा मला पहिल्यांदा दादाच्या शेतातला तो क्षण दिसल्यासारखा झाला. मी बायकोची जुनी वाकळ काढली आणि जिन्याखालच्या तोंडाला पडद्यासारखी टांगली.

वेल्डिंगवाल्याकडंही गेलो. भला माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि आमच्या बाजूला एक पत्रा उभा केला. "कुत्र्यासाठी का सर?" एवढंच विचारलं त्यानं. मी हो म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी बॅटरीचा उजेड पाडायला घेतला, मी घाईनं त्यांचा हात खाली केला. अंधारातच त्यांनी पाहिलं. जखम नव्हती, भाजल्याची खूण नव्हती. "गोळ्या लिहून देतो," ते म्हणाले. "सुस्त पडेल. पण भीती जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

दिवाळी आली. आमच्या घरी फटाक्यांचा प्रश्न नाही, पण गाव तर वाजवणारच. मी त्याला न्हाणीघरात नेलं, दाराच्या फटीला पोती लावली, आत टेपवर भजनं लावून ठेवली. बाहेर आवाज चढत गेले, तशी आत नखं ऐकू यायला लागली. नंतर दार उघडलं तर दाराच्या खालच्या कडेचं लाकूड दातांनी सोलून काढलेलं होतं. त्याच्या तोंडाला रक्त होतं, आणि लाकडाच्या ढलप्यांत एक दात पडलेला होता. बायको दारात आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. थोड्या वेळानं हळद आणि कोमट पाणी घेऊन आली. वाकून ते माझ्या हातात दिलं. कुत्र्याच्या इतक्या जवळ ती त्या दिवशी पहिल्यांदा आली.

माझ्याकडं एक उपाय शिल्लक होता. मी तो राखून ठेवला होता म्हटलं तरी चालेल.

दादाचा आणि माझा आवाज एकसारखा. गावात अंधारात कुणी हाक मारली तर कोण बोलतंय ते ओळखू येत नसे. फोनवर तर वहिनीसुद्धा फसायची, आणि दादा त्यावरून तिला चिडवायचा. दादानं कुत्र्याला नाव ठेवलेलं नव्हतं. "यू, यू, यू... ये बाबा, ये," एवढीच त्याची हाक. ती हाक मला येत होती. शब्द तेच, शेवटचा 'ये' जरा लांबवायचा, की झालं.

दिवाळीनंतर एका सकाळी मी अंगणात बसलो आणि ती हाक मारली.

वाकळ हलली. कुत्रं बाहेर आलं. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदाच ते आपणहून बाहेर आलं होतं. शेपूट खाली, पण टोक हलत होतं. अंगणाच्या मध्यापर्यंत आलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझा वास घेतला असावा. त्याचे पुढचे पाय एकदम दुमडले, ते जमिनीशी सपाट झालं, आणि सरपटत मागं मागं जात वाकळीआड गेलं. अंगणात ओला पट्टा राहिला.

मला वाटलं, ओळखीचा आवाज आणि अनोळखी माणूस, त्याचा गोंधळ होतोय. सवय होईल. म्हणून मी रोज सकाळी हाक मारायला लागलो. ते रोज येत होतं, हेच मी मनात धरून राहिलो. रोज परत सपाट होऊन मागं जात होतं, ते मी मनावर घेतलं नाही. पुढंपुढं तर ते बाहेर येतानाच थरथरत यायचं.

बायको जिन्याच्या पायरीवर भाजी निवडत बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, नका आवाज देऊ त्याला."

"येतंय ना पण ते."

"येतंय. पर कसं येतंय ते बघून राह्यले का तुमी? मार खायला यावं तसं येतंय."

मला राग आला. ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्यानं मला शिकवावं, असं काहीसं मनात आलं. पण हाक मारणं मी कमी केलं.

जानेवारीत तूर काढायला आली तेव्हा मी गावाकडं गेलो. दादा गेल्यापासून वहिनी माझा फोन घेत नव्हती. फोन पुतणीच उचलायची, "आई कामात आहे" म्हणायची. मी समोर बसलो तरी वहिनी चुलीपाशी पाठ करून बसली. चहा दिला. मी कुत्र्याचं सांगायला लागलो. दाताचं सांगितलं, वेल्डिंगचं सांगितलं. मग हाकेचं सांगितलं. "दादासारखी हाक मारली की बाहेर येतंय, पण..."

तिचा हात थांबला.

"भाऊजी, तुमाला कुणी सांगितलंच न्हाई का?"

"काय?"

ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"आमी दोघं बी शेतातच व्हतो. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली आन् खोपीत येऊन बसलो. आभाळ लई गरजून राह्यल्तं. कुत्रं तिकडं लिंबाखाली बसल्तं, भिऊन. मी म्हणलं ऱ्हाऊ द्या, जनावराला कळतं. पर यांना न्हाई ऱ्हावलं. दारातून हाका मारून राह्यले. यू यू, ये बाबा, ये. ते येईना. मंग हे बाहेर गेले, हाका मारत मारत. तवा ते उठलं. पळत आलं यांच्याकडं. यांच्या पायापाशी आलं बघा, आन्..."

चुलीतलं लाकूड तिनं उगाच पुढं सारलं.

"त्याचा काय दोष हाय, मला कळतं ना. ते बोलावल्यावर आलं. पर ते नसतं तर हे कशाला बाहेर गेले असते?"

मग ती अगदी हळू म्हणाली, "आन् भाऊजी, राग नका धरू. तुमी फोनवर बोलता ना, तर मला बी सहन व्हत न्हाई. यांचाच आवाज येतो. मला वाटतं अजून हाकाच मारून राह्यले. म्हणून मी फोन घेत न्हाई."

पुतणी दारात उभी होती. तिला हे सगळं आधीच माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मानेनंच निरोप घेतला. तूर बघायची राहूनच गेली.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी रोज सकाळी उठून त्या जनावराला पुन्हा त्या लिंबापाशी नेत होतो. आणि तरी ते येत होतं. हाक मारली की यायचं, हे दादानं त्याला शिकवलं होतं, आणि ते विसरणं त्याला जमत नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, तेही आतल्या खोलीत दार लावून. त्यानंतर मी अंगणात, जिन्यापाशी, पुढच्या खोलीत बोलणं बंद केलं. कुणी भेटायला आलं तर त्याला रस्त्यावर नेऊन बोलायचो. बायकोला काही सांगायचं असेल तर तिच्याजवळ जाऊन कुजबुजायचं किंवा हातानं खुणा करायच्या. शेजाऱ्यांना वाटलं आमचं भांडण झालंय. बायको हसून म्हणायची, "लग्नाला एवढी वर्षं झाली, आता कुठं घर शांत झालं."

आणि थंडीच्या त्या दिवसांत खरोखरच काहीतरी घडायला लागलं. मी काही न बोलता अंगणात कूलरकडं पाठ करून पेपर वाचत बसायचो. बायको पायरीवर बसून तांदूळ निवडायची. ती मात्र बोलायची. तांदळाशी, चिमण्यांशी, स्वतःशी. तिच्या आवाजाला त्याची हरकत नव्हती. आधी वाकळीखालून नाक दिसायला लागलं. मग पुढचे पाय. मग एक दिवस ते उन्हाच्या कडेला येऊन बसलं, पाठ भिंतीला लावून. ऊन सरकलं तसं तेही सरकलं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो.

एका दुपारी बायकोनं भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवून हात पायरीवर टेकवला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. कुत्रं मान लांब करून आलं आणि तुकडा उचलला. पळालं नाही. तिथंच उभं राहून खाल्लं आणि तिचा तळहात चाटला. तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. ती रडत होती, पण हात तिनं काढून घेतला नाही. पुढं ते तिच्या पायाशी झोपायला लागलं, त्याच पोटरीला टेकून जिला वण होता. मी मागं बसलेलो असायचो. मला त्यानं कधी जवळ केलं नाही. फक्त मी तिथं असलेलं त्याला चालायला लागलं, आणि मला तेवढं पुरेसं वाटत होतं.

एप्रिलमध्ये आमच्या वस्तीची जयंती. मिरवणूक आमच्याच रस्त्यानं जाते. लहानपणी गावच्या मिरवणुकीत नाचलेलो मी, इथं दरवर्षी पांढरे कपडे घालून पुढं चाललेलो. त्या वर्षी मी आदल्या दिवशी मंडळाच्या पोरांकडं गेलो. बहुतेक माझेच विद्यार्थी. म्हणालो, "माझ्या घरापुढं डीजे जरा बारीक करता येईल का?"

कुणी चेष्टा केली नाही. एकजण म्हणाला, "सर, तुमी सांगितलं म्हणल्यावर बिलकुल. बंदच करू."

आणि त्यांनी शब्द पाळला. मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर आली, डीजे थांबला, आणि एवढा मोठा जमाव नुसत्या टाळ्यांच्या आवाजात आमच्या दारापुढून गेला. पोरांनी मला हात जोडले. मी दारात उभा होतो आणि मला गहिवरून आलं होतं. पण त्या कोपऱ्यापर्यंत तर डीजे वाजतच आला होता, आणि पुढच्या कोपऱ्यानंतर परत सुरू झाला. त्याचे दणके जमिनीतून येत होते. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. कुत्रं कूलरमागं गेलं ते बरेच दिवस बाहेर आलं नाही. बायको रोज पायरीवर बसायची, तळहात पसरून. शेवटी पुन्हा नाक दिसलं. तिनं मला खुणेनं सांगितलं, येतंय.

मे महिन्यात पाण्याचे हाल सुरू झाले, टँकर यायला लागला. त्या दुपारी टँकरचा पाइप आत घ्यायला मी फाटक उघडलं होतं. बायको गच्चीवर कुरडया वाळत घालून त्यांच्याशी बोलत बसली होती. कुत्रं जिन्याच्या खालच्या पायरीवर, तिच्या आवाजाच्या बुडाशी म्हणावं असं झोपलेलं. टाकी भरत होती. वारा सुटला. पश्चिमेकडून काळं आलेलं मला दिसलंच नाही, घरांच्या आडून आलं ते. एकदम सगळीकडं पांढरं झालं आणि त्याच क्षणी कडकडाट झाला. गच्चीवरून बायको ओरडली. कुत्रं माझ्या पायाजवळून, पाइपावरून, फाटकातून गेलं. मी बघितलं तेव्हा ते रस्त्यावर पळत होतं.

मी मागं पळालो. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते. रस्ता जिथं रेल्वेच्या बाजूला वळतो तिथं एक मोकळं मैदान आहे. तिथं ते थांबलं, कुठं जावं ते न कळून स्वतःभोवती फिरायला लागलं. मागून बायकोचा आवाज आला. ती गच्चीच्या कठड्याला धरून ओरडत होती.

"हाक मारा! अहो, हाक मारा त्याला!"

इतके महिने त्या अंगणात मी एक शब्द काढला नव्हता. मी तोंड उघडलं आणि दादाचा आवाज बाहेर पडला. "यू, यू, यू... ये बाबा, ये."

ते थांबलं. वळलं. मला बघितलं. आणि यायला निघालं. सावकाश, पोट खाली घेऊन, मान वाकडी करून. भरवशानं आलं असं मी म्हणणार नाही. बोलावलं म्हणून आलं. आमच्यात पाच-सात पावलं उरली असतील, तेवढ्यात परत वीज चमकली. ते किंचाळलं. कुत्र्याचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. उलटं फिरलं आणि रस्त्याखालून जाणाऱ्या सिमेंटच्या नळीत घुसलं.

मी त्या मोकळ्या मैदानात हात पसरून उभा होतो, हाका मारत होतो. तोवर बायको जिना उतरून, अनवाणी, पावसातून धावत आली होती. तिनं माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"घरात चला! आधी घरात चला तुमी!"

"ते आत आहे, नळीत..."

"ऱ्हाऊ द्या त्याला! तुमाला कळून राह्यलं का तुमी कुठं उभे हायेत ते?"

मला कळलं. मी तिच्यासोबत घरात गेलो. खिडकीतून नळीचं तोंड दिसत होतं. पाऊस जोरात आला आणि रस्त्याचं पाणी त्या नळीतून वाहायला लागलं. आम्ही दोघं खिडकीपाशी उभे राहिलो. वीज चमकत होती तोवर तिनं माझा दंड सोडला नाही.

पाऊस ओसरल्यावर गेलो. ते नळीच्या मधोमध, पाण्यात उभं होतं. मी तोंडापाशी बसलो. येणारेजाणारे थांबायचे, वाकून बघायचे. "आवाज द्या ना सर, येईल," प्रत्येकजण सांगायचा. मी नुसती मान हलवायचो. बायकोनं किती बोलावलं, भाकरी दाखवली. तिच्याकडंही ते बघेना. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तिथंच होतं, आता बसलेलं, गळ्यापर्यंत चिखलात. मी आडवा होऊन नळीत शिरलो. हात लावल्याबरोबर त्यानं माझं मनगट धरलं, दात हाडापर्यंत गेले. मी तसंच त्याला ओढून बाहेर काढलं.

सरकारी दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. मनगटाचं मला फार वाटलं नाही. पण माझ्या हाताचं रक्त बायकोनं बघितलं होतं. तिच्या आतलं काहीतरी त्या दिवशी परत मागं गेलं. ती पायरीवर बसेना झाली. तिनं प्रयत्न केला, मी बघत होतो. तळहातावर तुकडा घेऊन यायची, जिन्यापाशी थांबायची, मग तुकडा वाटीत टाकून आत निघून जायची. "माह्याच्यानं न्हाई व्हत वो," ती एकदा म्हणाली. आणि कुत्रंही तिच्यासाठी बाहेर आलं नाही.

पावसाळा पूर्ण गेला. गोळ्यांच्या गुंगीत ते कूलरमागं पडून असायचं. वीज चमकली की गुंगीतही पाय झाडायचं. डॉक्टर एकदा येऊन बघून गेले. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाले, "सर, हवं तर सुई देऊन त्याला सोडवू. तुम्ही विचार करा." आम्ही विचार करत राहिलो. मी बायकोकडं बघायचो, ती माझ्याकडं.

वेचणी सुरू झाली, कापसाचे ट्रॅक्टर बाजाराकडं जायला लागले, त्या दिवसांत ते गेलं. सकाळी वाटी भरलेलीच होती. वाकळ बाजूला केली तर ते भिंतीकडं तोंड करून पडलेलं, अंगाचं मुटकुळं तसंच घट्ट. मेल्यावरही ते सैल झालं नव्हतं. मी पहिल्यांदा त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

माझ्या मनात होतं, त्याला दादाच्या शेतात न्यावं. मी बायकोला सांगितलं, वहिनीला फोन कर. ती बोलली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "बाई म्हणल्या, हितं नका आणू."

"रागावली का?"

"न्हाई. रडून राह्यल्त्या."

मग आम्ही शेजाऱ्याची पहार मागून आणली आणि रेल्वेच्या बाजूच्या त्या मैदानाच्या कडेला, बाभळीखाली जागा बघितली. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, काळी माती दगडासारखी झालेली. माझ्या मनगटात जोर येत नव्हता. बायकोनं माझ्या हातातून पहार घेतली आणि ती खणायला लागली. मी हातानं माती बाजूला करत गेलो. खड्डा फार खोल झाला नाही. वरून दगड रचले आणि आम्ही घरी आलो.